भिंतीवरचे नामदेवकाका

आमच्या घरमालकांना त्यांचा धंदा विचारला की ते सरळ सांगायचे, "मी फोटो हाय." समोरच्याला वाटायचं, फोटो काढतात. मग ते मान हलवून पुन्हा समजावायचे, "मी काढत नाय. माजा काढतात. हार घालून भितीवर लावतात." एवढं ऐकल्यावर समोरच्याला सहसा काहीतरी तातडीचं काम आठवायचं.

नामदेव तांडेल त्यांचं नाव. नेरूळच्या टॉवरांच्या गराड्यात सारसोळे गाव आहे, तिथे त्यांची तीन मजली इमारत, आणि दुसऱ्या मजल्यावर मी भाडेकरू. मी शर्मिला. आईवडील परभणीकडचे, मी वाढले दिघ्यात, नोकरी बेलापूरला. सिनेमातलं मला ओ की ठो कळत नाही. पण नामदेवकाकांच्या घरात राहून सिनेमाशी संबंध नाही असं म्हणायची सोय नव्हती. पाण्याची मोटर बंद का, असं विचारायला गेलं तरी एक किस्सा ऐकूनच परत यावं लागायचं.

पस्तीसेक वर्षांपूर्वी 'थोरल्या घरची पंगत' नावाचा कौटुंबिक सिनेमा येऊन गेला. तीन भाऊ, तीन जावा, एक आई आणि वाटणी. त्यातल्या एका गाण्यासाठी युनिट सारसोळ्याच्या खाडीवर आलं आणि त्यांनी नामदेवकाकांची होडी भाड्याने घेतली. काका तेव्हा ऐन तिशीत, रोज खाडीत मासेमारीला जाणारे. सिनेमातल्या वारलेल्या बापाचा फोटो ज्या नटाचा लागायचा होता, तो ऐन वेळी पळाला. जिवंतपणी हार घालून घेऊ नकोस, अशी त्याला आईने शपथ घातली होती म्हणे. युनिटची धावाधाव सुरू झाली, आणि कुणाचं तरी लक्ष वल्हं धरून उभ्या असलेल्या काकांकडे गेलं. अंगात कोट चढवला, केसांना पावडर लावली, खटकन फोटो काढला. काका लगेच पुन्हा होडीत जाऊन बसले.

सिनेमा आला आणि सगळं त्या फोटोपुढेच घडतं हे लोकांना दिसलं. थोरला त्याच्यापुढे शपथ घेतो, मधला खोटी शपथ घेतो, धाकटी सून रडते, पुन्हा रडते, आणि शेवटी फोटो खाली पडून काच फुटते तेव्हा तिघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडतात. बायका पदर ओले करून घरी गेल्या. सिनेमा तुफान चालला. तेव्हापासून कौटुंबिक सिनेमात बाप वारलेला असला की काकांना बोलावणं ठरलेलं.

काका ही कला फार गंभीरपणे घेत. "मेलेला वेगला आनि गेलेला वेगला," ते मला जिन्यात उभं करून सांगायचे. "मेलेल्याचं डोलं कुठंच बगत नाय. गेलेल्याचं डोलं घरान बगतात. चांगल्या पोराला वाटला पायजे, बापूस माज्यावर खूस हाय. वाईट पोराला वाटला पायजे, याला सगला कलला." एवढं सगळं एका चेहऱ्यात बसवायचं म्हणजे चेष्टा नाही. मी आरशात करून पाहिलं. मला अपचन झाल्यासारखं दिसलं.

या सगळ्या कीर्तीत एक खोट होती. त्यांची बायको गोजराकाकी, तिने त्यांचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. मोठ्या पडद्यावर नाही, टीव्हीवर नाही, कुणी मोबाइल पुढे केला तर ती तोंड फिरवायची.

त्याला कारण होतं. पहिला सिनेमा उरणला लागला तेव्हा काकीच्या मावशीने तो पाहिला. काकांनी फोटोचं घरी सांगितलंच नव्हतं, मग नातेवाइकांना कुठून कळणार? मावशीने हार घातलेला जावई पाहिला, आणि बाकीचा सिनेमा तिथेच सोडून ती घरी पळाली. दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून माणसं समाचाराला सारसोळ्यात. काका खाडीत गेलेले. काकी दारात कालवं फोडत बसलेली. मावशीने टेम्पोतून उतरता उतरताच गळा काढला, काकीला कवटाळलं आणि रीत म्हणून तिचे हात उंबऱ्यावर आपटून हिरवा चुडा फोडला. खाडीत गेलेल्या नवऱ्याबद्दल अशी माणसं रडत आली तर बाईने काय समजायचं? काकी बसल्या जागी कोसळली.

काका टोपली घेऊन परत आले तर त्यांच्याच दारात गर्दी. त्यांनी कडेच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेला?"

गाव हा किस्सा अजून पोट धरून सांगतं. काकी हसत नाही. तिने तेव्हा आधी नवऱ्याला घट्ट धरलं, मग त्याच टोपलीने बडवलं, मग कासाराला बोलावून हात भरून घेतले. काम कर, पैका आन, पन मना दावू नको, असा तिने हुकूम सोडला. त्यानंतर काकांचं शूटिंग असलं की त्याच दिवशी काकी नवा चुडा भरायची. सासरी निघालेल्या नवरीच्या हातात नसतील एवढ्या बांगड्या साठी ओलांडलेल्या या बाईच्या हातात असायच्या, आणि ती भांडी घासायला बसली की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं.

तर गेल्या वर्षी त्याच 'थोरल्या घरची पंगत'चा रीमेक निघाला. नाव तेच ठेवलं, फक्त अक्षरं तिरकी केली. जुन्या नटांचं काय काय झालं होतं ते काकांना तोंडपाठ. थोरला भाऊ झालेले गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत जिने चढतात. मधला राजकारणात पडला तो पडूनच आहे. धाकटा करंजाड्यात फ्लॅट विकतो आणि सॅम्पल फ्लॅटच्या दारात अजून तेच लाजरं हसतो. रडणारी धाकटी सून, राजेश्वरी, तिची मात्र चलती झाली. सून, मग वहिनी, मग आई, मग सासू असं करत ती आता आजी झाली होती. आणि सिनेमात फोटोपुढे हात जोडून "आजोबा, मला सायकल हवी" म्हणणारा नातू मितेश, तोच आता रीमेकचा दिग्दर्शक. "सगल्यांची कामं बदलली," काका छाती काढून म्हणायचे, "माजाच काम पर्मनंट."

पण मितेश स्वतः सारसोळ्याला आला तो वेगळंच घेऊन. "आजोबा," तो म्हणाला. लहानपणापासून फोटोला आजोबा म्हणायची सवय, दुसरं त्याला सुचेचना. "या वेळी फोटो नाही. या वेळी आपण फ्लॅशबॅक दाखवतोय. तुम्ही जिवंत. दारातून घरात यायचं, चपला काढायच्या आणि विचारायचं, 'पोरं जेवली का?' बस्स."

काका ताडकन उठले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आइकलास का? जिता हाय मी यान! जिता!"

आतून बांगड्या वाजायच्या थांबल्या. काकी दारात आली. "हार नाय?"

"नाय काकी," मितेश म्हणाला. "चालते-बोलते आहेत."

"मंग बगीन," काकी म्हणाली.

त्या दोन शब्दांनी काका जे तरंगायला लागले ते खाली येईनात. जगाने पाहिलेलं काम घरच्या बाईने पाहिलेलं नाही, हे शल्य त्यांनी कधी बोलून दाखवलं नसलं तरी सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. त्यांनी तालीम सुरू केली. इमारतीतल्या दर दारातून ते आत यायचे, चपला काढायचे आणि विचारायचे, "पोरं जेवली का?" माझ्याकडेही आले. मी म्हटलं, काका, मला पोरं नाहीत, मी एकटी राहते. ते म्हणाले, "तू हाव बोल, तुजा काय जाते?" मी आठवडाभर हाव, म्हणजे हो, बोलले. तळमजल्यावरच्या भिमाबाईंनी तर कंटाळून एकदा त्यांना ताट वाढून दिलं.

शूटिंगच्या दिवशी युनिटची गाडी आली. काकीने मला ऑफिसला दांडी मारायला लावून बरोबर घेतलं. करंजाड्याच्या पुढे एक जुनाट दिसेल असा नवा बंगला भाड्याने घेतला होता. आम्हा दोघींना खुर्च्या दिल्या, समोर छोटा पडदा, त्यात आतलं सगळं दिसत होतं. दृश्य साधं होतं. आता त्या घरातली आई झालेली राजेश्वरी गहू निवडत बसलेली, दारात नवरा येतो, विचारतो, ती म्हणते, "जेवली, तुमचीच वाट बघत होती." एवढंच.

मितेशने "ॲक्शन" म्हटलं. काका दारात आले. आणि थांबले.

मी त्यांना आठवडाभर फटाफट आत येताना पाहिलं होतं. पण कॅमेरा सुरू झालाय हे त्यांच्या अंगाला कळलं, आणि अंगाने आपलं रोजचं काम सुरू केलं. मान किंचित डावीकडे. खांदे सैल. डोळे घरात. पापणी हलेना. दाराची चौकट त्यांच्याभोवती अशी बसली होती की फक्त हाराची कमी.

आणि समोर राजेश्वरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"कट! मॅडम, रडू नका, ते जिवंत आहेत!"

"सॉरी, सॉरी," राजेश्वरी नाक पुसत म्हणाली. "त्यांच्याकडे पाहिलं की आपोआप येतं."

पुन्हा घेतलं. काका पुन्हा दारात आले आणि पुन्हा फोटो झाले. राजेश्वरी पुन्हा रडली. मग काकांना सांगितलं, कॅमेऱ्याकडे लक्षच देऊ नका. ते इतके लक्ष देईनात की जास्तच गोठले. मग राजेश्वरीला सांगितलं, त्यांच्याकडे बघू नका, गव्हाकडे बघा. ती गव्हाकडे बघून रडली. कुणीतरी काकांना मागून हळूच ढकललं, तर ते तसेच्या तसे, चेहरा न मोडता, दोन पावलं आत सरकले. युनिटमधली पोरं तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

काकी हसत नव्हती. "या बाईला कोनी सांगतला का, माजा नवरा मेला?" ती माझ्या कानात म्हणाली; म्हणजे तिला वाटलं कानात, ऐकलं सगळ्यांनी.

जेवणाच्या सुट्टीत राजेश्वरी स्वतः उठून आली आणि काकांच्या पाया पडली. एवढी मोठी नटी, काका खुर्चीतच आक्रसले. "आपण कधी भेटलोच नाही हो," ती म्हणाली. "पहिल्या सिनेमात मला रडूच येत नव्हतं. डोळ्यांत ग्लिसरीन घालून घालून आग व्हायची, सगळे वैतागले होते. माझे वडील त्याच्या आधी थोडेच दिवस गेले होते, पण मी घरीही रडले नव्हते. मग तुमच्या फोटोकडे नीट पाहिलं. बाबाच बघतायत असं वाटलं. त्या दिवशी जे रडू आलं ना, त्याच्यावर आजपर्यंत माझं पोट चाललंय."

काकांच्या हातातली पोळी हातातच राहिली. त्यांनी राजेश्वरीकडे पाहिलंच नाही, त्यांनी पाहिलं काकीकडे. ऐकलंस का, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

"आमचे घरान पन यांचा लगनाचा फोटो हाय," काकी म्हणाली. "मना तं कदी रडू नाय आला. भात घे."

दुपारनंतरही तेच. शेवटी मितेश काकांच्या शेजारी येऊन बसला. तो भला पोरगा होता, त्याला वाईट वाटत होतं. "आजोबा, ऊन चाललं. मी फ्लॅशबॅक काढून टाकतो. आपण जुनंच ठेवू. फोटो."

"एकदा घे," काका म्हणाले. "शेवटचा."

"नको आजोबा. तुमच्यासारखा फोटो दुसरा कुणी होत नाही, हे काय कमी आहे?"

काका उठले, फोटोसाठीचा कोट घातला आणि खुर्चीवर जाऊन बसले. काकीकडे मात्र त्यांनी पाहायचं टाळलं. जिता हाय म्हणून तिला आणलं होतं.

"मी भायेर बसते," काकी उठली. पण दारात दिव्यांचे स्टँड आणि वायरी लावून ठेवलेल्या, वाट नव्हती. "फक्त एक मिनिट मावशी," कुणीतरी म्हणालं. काकी भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे मिटून घेईल असं मला वाटलं. तिने मिटले नाहीत.

मी काकांचे किस्से शंभरदा ऐकले होते, पण काम होताना पाहिलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला, आणि तो लगेच परत घेतलाच नाही. कपाळ सैल झालं, मग गाल, मग ओठ. डोळे तेवढे उघडे राहिले, शांत, सगळं कळून चुकलेले. पायांत माझ्या ओळखीची निळी स्लीपर होती, अंगठ्याला कालच कापलेलं दिसत होतं, तरी खुर्चीतला माणूस आता आमच्यात नाही असं वाटायला लागलं.  हसणाऱ्या पोरांनी रुमाल खिशात ठेवले. तेवढ्यात एकाने हार आणला आणि उंची बघायला म्हणून त्यांच्या छातीपुढे धरला.

"नामदेव!"

नवऱ्याचं नाव मी काकीच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पोरांचा बापूस, नाहीतर नुसतं आरे, एवढंच. हाक मोठीही नव्हती. खाडीत दूर गेलेल्या होडीला किनाऱ्यावरून मारावी तशी होती, पोचेल की नाही याची खात्री नसलेली.

काका हलले. फोटो काढणारा ओरडला, "अरे, हलू नका!" इतक्या वर्षांत काकांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. तिचा एक हात दुसऱ्या मनगटातल्या बांगड्यांवर घट्ट दाबलेला होता. काय झालंय ते काकांना तिथे, त्या क्षणी कळलं, असं मला वाटतं. तोवर ते तिच्या सिनेमा न पाहण्याला बायकांचा वेडेपणा म्हणत आले होते.

त्यांनी कोट काढला, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "मितेस, दुसरा कोनी बग."

"आजोबा, असं काय करता? एका क्लिकचं काम आहे!"

"तुला फोटो लय गावतील. हिला मी एकच हाय."

मितेशने खूप विनवलं. राजेश्वरीही मधे पडली. काका सगळ्यांना नमस्कार करून काकीला घेऊन वायरी ओलांडत बाहेर पडले. परतीच्या गाडीने पनवेल ओलांडलं. मग काकी म्हणाली, "बोंबील संपलेत," आणि काका म्हणाले, "जाता जाता घेव." मी मात्र खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मला आपली उगाच सवय.

पुढे काकांना एकदोन फोन आले, तेही त्यांनी नाकारले. गावात सगळ्यांना सांगितलं, रिटायर झालो. कुठल्याही नोकरदाराला निवृत्तीनंतर होतं तसं त्यांचं झालं. इमारतीच्या टाक्या दोनदा धुवून झाल्या. जिन्यात भेटले तरी किस्सा सांगेनात, आणि किस्सा नाही म्हणून मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. मोटरबद्दल विचारलं की मोटरबद्दलच बोलायचे.

सिनेमा लागला तेव्हा आमच्या इमारतीत कुणी नाव काढेना. नाव काढलं ते काकीने. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "शर्मिला, तिकीट काड तिगांची."

"काकी, तुम्ही?"

"यान ह्यो नाय ना भितीवर? मंग मना काय हरकत?"

म्हणजे पाहा, नवऱ्याच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीतला तिने पाहिलेला पहिला सिनेमा तो, ज्यात नवरा नव्हता. काका यायलाच तयार नव्हते. तिने इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि त्यांना मॉलमध्ये आणलं. सरकत्या जिन्यावर दोघं एकमेकांना धरून उभे होते.

पडद्यावर फोटो होता तो कुणाचाच नव्हता. कॉम्प्युटरवर तयार केलेला म्हातारा, गोरापान, गुळगुळीत, दात एकसारखे. थोरल्याने त्याच्यापुढे शपथ घेतली, मधल्याने खोटी घेतली. म्हातारा दोघांकडे सारखंच बघत होता. मग राजेश्वरी आली, फोटोपुढे उभी राहिली आणि रडली. चांगली रडली, बाई कसलेली आहे. पण थिएटरात कुणाचं नाक वाजलं नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक जण मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता.

काका मान खाली घालून बसले होते. काकी मात्र एकटक पडद्याकडे बघत होती. बराच वेळ तशी बघितल्यावर ती नवऱ्याच्या बाजूला झुकली. हळू बोलायचं तिला अजूनही जमत नाही, त्यामुळे मला ऐकू आलं.

"तुजा फोटो असता ना इथं," ती म्हणाली, "तं मी पन रडली असती."

काकांनी मान वर केली. पण पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. उरलेला सगळा सिनेमा ते काकीकडे बघत बसले होते.